आठवा फरक

मुलांच्या एका मासिकाच्या शेवटच्या पानावर, खालच्या अर्ध्या भागात, 'फरक ओळखा' नावाचे कोडे येत असे. ते कोडे ज्यांच्या हातून तयार होई त्यांना सगळे फरकमामा म्हणत. मुले पाकिटावर हेच नाव लिहीत, पोस्टमन हेच नाव पुकारत जिना चढे, आणि घरी बायकोची सहनशक्ती संपली की तीही हीच हाक मारी.

कोडे साधे होते. शेजारी शेजारी दोन चित्रे. वरवर बघावे तर दोन्ही सारखी. पण उजव्या चित्रात कुत्र्याची शेपटी दुसऱ्या बाजूला वळलेली असे, खिडकीचा एक गज गायब असे, शिडीला एक पायरी जास्त असे. पूर्वी मामा ही चित्रे हाताने काढत. पुढे कचेरीत संगणक आला, चित्रांच्या जागी फोटो आले, आणि केस पांढरे झाल्यावर मामा माऊस धरायला शिकले. आता ते एक फोटो पडद्यावर डावीकडे ठेवत, त्याचीच नक्कल उजवीकडे ठेवत, आणि नकलेत मन लावून खोड्या करत बसत.

त्यांचे नियम दोनच. फरक बारीक असला तर चालेल, पण खरा हवा. आणि मूल कितीही मागे लागले तरी उत्तर आधी सांगायचे नाही; बघू द्यायचे, चुकू द्यायचे, पुन्हा बघू द्यायचे. एकदा छापताना पडलेला शाईचा ठिपका एका मुलीने जास्तीचा फरक म्हणून कळवला होता. मामांनी पुढच्या अंकात तिचे म्हणणे बरोबर असल्याचे छापले आणि तिचे आभार मानले. छापखान्याने मात्र पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलणे टाकले.

ही बारीक नजर फक्त पडद्यापुरती होती, हेही सांगायला हवे. बायको नवा चष्मा लावून समोर वाढत होती आणि मामा म्हणत होते, "आज भाजी जरा वेगळी लागतेय."

"भाजी तीच आहे," बायको म्हणाली. "तुम्ही खा."

मासिकाच्या मालकांचे मेव्हणे हे मासिकाचे व्यवस्थापक होते. सगळी कचेरी त्यांना मेव्हणेसाहेब म्हणे, आणि त्यांनाही त्यात काही वावगे वाटत नसे. नोकरीतला खरा हुद्दा तोच होता. एका सकाळी ते मामांच्या टेबलाशी आले आणि टेबलाच्या कडेवर बसले. ते खुर्चीत बसले की बातमी बरी असे, टेबलावर बसले की वाईट.

"मामा, विशेषांकानंतर तुमचं अर्धं पान जाहिरातीला देतोय. स्मरणशक्तीच्या गोळ्या. वर्षभराचं बुकिंग आहे."

"आणि फरक ओळखा?"

"कोण ओळखतंय हो आता? पत्रं किती आली गेल्या खेपेला?"

मामांनी खणातून एक पाकीट काढले. मग पुन्हा खणात हात घालून आणखी एक काढले. दुसरे विजेचे बिल निघाले.

"तसं नाही," मेव्हणेसाहेब उदार होत म्हणाले, "मी काही पानाचा वैरी नाही. विशेषांकाला ह्या टेबलावर मावणार नाहीत इतकी पत्रं आली, तर पान राहील. शब्द देतो."

टेबल चांगले ऐसपैस होते. मेव्हणेसाहेबांनी शब्द देण्यापूर्वी ते नीट पाहून घेतले होते.

मामांनी पाकीट आणि बिल परत खणात ठेवले. बाकीच्या पानांवर काय चालले होते ते त्यांना ठाऊक होते. एका पानावर बोध होता, एका पानावर मालकांचे मनोगत होते, आणि मधल्या पानांवर यशस्वी माणसांनी लहानपणी किती अभ्यास केला त्याच्या हकिकती होत्या. मुलांना गप्प बसून नुसते बघायला सांगणारी एवढीच एक जागा होती. ती गेली तर आपल्याला कचेरीत यायचे कारण उरेल का, या विचाराने ते दिवसभर चहा घ्यायला विसरले.

विशेषांक मासिकाच्या पंचविसाव्या वर्षाचा होता. मुखपृष्ठावर दर महिन्याला एखादा प्राणी असे. या वेळी मालक असणार होते.

फोटोग्राफरने मालकांना त्यांच्याच खोलीत, काचेच्या कपाटासमोर, खुर्चीत बसवून भराभर बटण दाबले होते. त्यामुळे फोटो ढीगभर आणि सगळे एकसारखे. निवड करायला मालकीणबाई आल्या, मेव्हणेसाहेब आले, आणि संगणक चालवायला मामा बसले.

"सोपं आहे," मामांनी समजावले. "दोन फोटो शेजारी ठेवतो. आवडेल तो ठेवायचा, नावडता काढायचा. त्याच्या जागी पुढचा आणायचा. असं करत शेवटी एक उरेल."

सोपे मुळीच नव्हते. पहिल्या फोटोत मालकांचा डावा खांदा वर होता, दुसऱ्यात उजवा खाली होता. एकात ते विचारात पडलेले दिसत, दुसऱ्यात झोपेत. निम्मे फोटो संपेपर्यंत तिघांचेही डोळे गरगरायला लागले. मग एक जोडी आली आणि वाद पेटला.

"हा डावा," मालकीणबाई म्हणाल्या, "ह्यात कसे शांत दिसतात."

"ताई, शांत नाही, दमलेले दिसतात. उजव्यात बघ, चेहऱ्यावर तेज आहे."

"तेज कसलं, घाम आहे तो."

"मामा, तुम्ही सांगा."

मामांनी चष्मा पुसला, मान तिरपी केली, दोन्ही फोटो नीट निरखले आणि आपल्या मते तोलून मापून सांगितले, "उजव्यात कपाळ जास्त मोकळं वाटतं." मग त्यांचे लक्ष फोटोंखालच्या आकड्याकडे गेले. आकडा दोन्हीकडे एकच होता. घाईत त्यांच्या हातून एकच फोटो दोनदा उघडला गेला होता.

त्यांनी खाकरून ते सांगितले.

"मी तेच म्हणत होतो," मेव्हणेसाहेब म्हणाले. "मला दोन्ही सारखेच वाटत होते."

शेवटी दोन फोटो उरले. एकामागोमाग काढलेले, आकड्यांत एकाचाच फरक. डावा मालकीणबाईंचा, उजवा त्यांच्या भावाचा.

"डावा घ्या," त्या म्हणाल्या. "ह्यात ते माणसासारखे दिसतात."

"आणि उजव्यात मालकांसारखे. मुखपृष्ठ आहे ताई, आपल्या घरचा आल्बम नाही."

"पण डावाच का नको?"

"का हवा ते तरी सांग."

मालकीणबाईंनी भावाकडे एकदा पाहिले. "मला आवडतो," एवढेच म्हणाल्या. "बाळ, तुला लहानपणापासून समोरचं दिसत नाही." भावाचे केस पिकले होते, तरी बहीण त्याला चारचौघांत बाळ म्हणे, आणि तेवढा वेळ कचेरीतल्या सगळ्यांना आपापल्या कामात फार गोडी वाटू लागे.

उजवा ठरला. मग मेव्हणेसाहेबांनी दुरुस्त्या सांगायला सुरुवात केली. नाकाशेजारची चामखीळ काढा. केस थोडे भरा, थोडे काळे करा. दुसरी हनुवटी कशाला, एक पुरे. बाहेर आलेला कान आत घ्या. पोट माफक ठेवा. मागच्या कपाटात नुसते करंडक दिसत होते. प्रकाशकाच्या कपाटात पुस्तके असायला हवीत, तेव्हा ती भरा.

"चामखीळ राहू द्या," मालकीणबाई म्हणाल्या.

"ताई, मुलं घाबरतील."

"मी नाही घाबरले इतकी वर्षं." मग मामांकडे वळून त्या म्हणाल्या, "मामा, माझं एकच काम करा. कॉलरचं बटण चुकीच्या घरात गेलंय, ते सरळ करा."

एवढ्यात मालक स्वतः डोकावले. पडद्याकडे पाहत म्हणाले, "मी असा दिसतो?"

"छे, दाजी," मेव्हणेसाहेब म्हणाले, "म्हणून तर दुरुस्त्या चालल्यात."

मालक समाधानाने निघून गेले.

मामांनी दोन दिवस खपून सात दुरुस्त्या केल्या. मंजुरीसाठी एक पान केले: डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे सुधारलेला, म्हणजे काय काय बदलले ते मेव्हणेसाहेबांना ताडून बघता येईल. फाईलला नाव काय द्यावे? मामांना सुचले ते त्यांनी दिले: 'फरक शेवटचा'. त्याच दिवशी त्यांनी शेवटच्या पानाचे कोडेही पूर्ण केले होते. अंगणात झोपलेले मांजर, दोन्हीकडे, आठ फरकांसह. हे कदाचित आपले अखेरचेच कोडे ठरेल या हुरहुरीत त्यांनी त्या फाईलला नाव दिले होते, 'शेवटचा फरक'.

मेव्हणेसाहेबांचा तिसरा फोन आला, "गेली का पानं छापायला?" आणि मामांनी घाईघाईत पाने पाठवली. चूक झाली ती तेव्हाच. मांजर संगणकातच झोपून राहिले. छापखान्यात शेवटच्या पानावर मालकांचे दोन फोटो बघून यंत्रावरचा माणूस जरा थबकला होता. पण मालक मुखपृष्ठावर होते, आतल्या पानावर होते, मनोगताशेजारी होते. तेव्हा शेवटच्या पानावर ते दोनदा असले तर त्यात त्याला नवल वाटले नाही.

अंक बाहेर पडला. मुखपृष्ठावर तेजस्वी मालक. आणि शेवटच्या पानावर तेच, शेजारी शेजारी, एकदा जसे होते तसे आणि एकदा जसे असायला हवे होते तसे. खाली मांजरासाठी आधीच टाकलेली ओळ तशीच होती: "या दोन चित्रांत आठ फरक आहेत. सापडतात का बघा. मोठ्यांची मदत घेऊ नका."

आठवड्याभरात मामांचे टेबल भरले. मग खुर्ची भरली. मग पोस्टमनने जिना चढायचे सोडून पिशवी खालीच ठेवायला सुरुवात केली. मुलांनी पान कापून, पेन्सिलीने गोल काढून पाठवले होते. काहींनी समासात खुलासेही केले होते. 'उजवीकडचे आजोबा आंघोळ करून आले आहेत.' 'डावीकडच्या आजोबांकडे पुस्तके नाहीत, बक्षिसे आहेत. उजवीकडे ती विकून पुस्तके घेतली.' 'एक हनुवटी कमी आहे, ती कुठे गेली ते कळवावे.'

मामांची पाचावर धारण बसली. पण त्या भीतीतही ते कात्रणे बघत राहिले, कारण त्यांना एक कोडे पडले होते. त्यांनी फरक सातच केले होते. आठ हा आकडा मांजराचा होता. आणि मुलांना मात्र आठ सापडत होते. काहींनी आठवा उगाच कुठेतरी काढला होता, ते उघड दिसत होते. पण बहुतेकांचा आठवा गोल एकाच जागी होता, मालकांच्या दोन्ही डोळ्यांभोवती. डोळ्यांना तर मामांनी हातही लावला नव्हता.

त्यांनी ती कात्रणे घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली.

"डोळ्यांत काय फरक आहे, मला कळत नाही," ते बायकोला म्हणाले.

"डोळे कचेरीत घेऊन जाता आणि तिथंच ठेवून येता," बायको चष्मा सावरत म्हणाली. "मग घरी कसं कळणार?"

मामा मान डोलावून पुन्हा कात्रणांत बुडाले.

दुसऱ्या दिवशी मेव्हणेसाहेबांनी त्यांना बोलावले. ते उभेच होते. बसायच्या पलीकडची बातमी होती.

"एका पोरानं तुमच्या कोड्याची उत्तरं शाळेच्या फळ्यावर लिहिली, माहिती आहे? पहिलं उत्तर, केस खोटे." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "हे पुढच्या अंकात उत्तरांच्या जागी छापायचं."

कागदावर होते: 'छपाईच्या गफलतीने एकच छायाचित्र दोनदा छापले गेले. दोन्ही छायाचित्रांत कोणताही फरक नाही.'

मामांनी ते दोनदा वाचले. "पण फरक आहेत."

"आहेत हो. पण नाहीत असं छापायचं."

"मुलांनी पेन्सिलीनं गोल काढलेत, साहेब. त्यांना काय सांगू? तुम्हाला जे दिसलं ते दिसलंच नाही?"

"मुलं आहेत, विसरतील."

"विसरतील. पण पुढच्या वेळी काही दिसलं तर आधी कोणाला तरी विचारतील, हे दिसलेलं चालेल का म्हणून. मी इतकी वर्षं ह्याच्या उलट शिकवत आलो."

मेव्हणेसाहेबांनी आवाज मऊ केला. "हे बघा मामा. मी शब्दाचा पक्का आहे. टेबलावर मावणार नाहीत इतकी पत्रं आली, मान्य. एवढा मजकूर छापा, पान तुमचं. कायमचं. नाहीतर गोळ्यांची जाहिरात तयार आहे, आणि दाजींना मी काय सांगायचं ते सांगेनच."

मामा कागद घेऊन जागेवर आले. पान टिकवायचे तर पानावर खोटे लिहायचे. आणि खरे लिहायचे तर लिहायला पान नाही. शिवाय खरे लिहायचे म्हटले तरी सातच लिहिता आले असते. आठवा त्यांचा त्यांनाच ठाऊक नव्हता. त्यांनी दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी ठेवले आणि डोळे मोठे करत नेले. दुप्पट, चौपट, आठपट. शेवटी पडद्यावर करड्या रंगाचे चौकोन तेवढे उरले. चौकोनांत मालक कुठेच नव्हते.

"काय बघताय?" मागून आवाज आला.

मालक स्वतः उभे होते. मामा उठू लागले तसे मालकांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवले आणि स्वतः शेजारचे स्टूल ओढून टेकले. त्यांचा चेहरा मुखपृष्ठापेक्षा बराच थकलेला होता.

"सकाळी बागेत बसलो होतो," ते म्हणाले. "दोन पोरं समोर येऊन उभी राहिली. हातात तुमचं पान. एक म्हणतो, आजोबा, जरा कान दाखवा."

मामांनी माऊस सोडला. "मग?"

"मग काय. दाखवला. दुसरा म्हणाला, डावीकडचेच आहेत. मग दोघं खूश होऊन पळाली." मालकांनी आपला कान चाचपला. "मला राग यायला हवा होता. मेव्हणे म्हणतात तुम्हाला काढून टाका. पण मामा, मला ती पोरं पळाली तेव्हापासून एकच खटकतंय. माझे मला सहा सापडले. कान, केस, हनुवटी, चामखीळ, पोट, कपाट. पुढं गाडी सरकत नाही. राहिलेले दोन सांगा बरं."

"उत्तर आधी सांगायचं नाही, असा नियम आहे," मामांच्या तोंडून सवयीने निघून गेले. मग त्यांनी जीभ चावली.

मालकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. मग स्टूल पुढे ओढले. "बरं. मग दाखवा तरी मोठं करून."

मामांनी फोटो पुन्हा पूर्ण केले. मालक नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकले. त्यांचे बोट काचेवरून सरकत होते, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मामांच्या मनात आले, शाळेतली पोरे अशीच वाकतात, तोंड जरा उघडे ठेवून. ते गप्प बसून राहिले. अशा वेळी गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"बटण," मालक म्हणाले. "कॉलरचं. सात झाले." आणि त्यांना जो आनंद झाला तो लपवता आला नाही. "आता आठवा."

"आठवा मलाही माहीत नाही," मामांनी कबूल केले. "मी सातच केले होते. आठ हा आकडा मांजराच्या कोड्याचा. मुलं म्हणतात डोळ्यांत आहे."

मग दोघेही डोळ्यांवर तुटून पडले. पापण्या मोजल्या. बुबुळाचा रंग ताडून पाहिला. मेव्हणेसाहेब मधेच आत आले, दाजींना स्टुलावर वाकलेले बघून जागीच थांबले.

"दाजी, मी मजकूर दिलाय मामांना. कोणताही फरक नाही म्हणून."

"कसा नाही?" मालक मान न वळवता म्हणाले. "सात तर मी स्वतः शोधले. आठवा सापडू दे, मग बोल."

"अहो, पण—"

"उजेड अडवू नकोस."

तेवढ्यात दारात मालकीणबाई आल्या. जेवायची वेळ टळून गेली तरी नवरा घरी आला नव्हता, म्हणून त्या बघायला आल्या होत्या. तिघे पुरुष एका पडद्याभोवती डोकी घालून होते. त्या दारातच थांबल्या.

"काय हरवलंय?"

"आठवा," मालक म्हणाले.

"काय आठवू?"

"तू नाही. आठवा. आठवा फरक. तो सापडत नाही."

मालकीणबाईंनी दारातूनच पडद्याकडे पाहिले. लांबून दोन्ही चेहरे तळहाताएवढे दिसत होते. त्या जराशा हसल्या.

"तुम्हीच आठवा म्हणजे सापडेल," त्या म्हणाल्या. "फोटो काढत होते तेव्हा मी कुठं उभी होते?"

"कुठं म्हणजे? तिथंच असशील."

"फोटोवाल्याच्या मागं, दाराशी. आणि काय करत होते?"

मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यांचा हात आपसूक कॉलरकडे गेला. "बटण. तू मला खुणावत होतीस, बटण चुकलंय म्हणून."

"तुम्हाला कळलं नाही ते नाहीच. पण तेवढं एकदा माझ्याकडं बघितलंत." त्यांनी पडद्याकडे हात केला. "डावीकडं बघा. ते माझ्याकडं बघतायत. उजवीकडं नुसतेच बसलेत."

मालक आणि मामा उठले आणि तिघेही पडद्यापासून दोन पावले मागे आले. मग आणखी एक. आणि लांबून ते सरळ दिसले. डावीकडच्या माणसाची नजर किंचित बाजूला होती, कोणीतरी काहीतरी सांगते आहे आणि आपल्याला ते कळत नाही, तरी बरे वाटते आहे, अशी. उजवीकडच्या माणसाला कोणी काही सांगत नव्हते.

मामांनी फोटोंखालचे आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. मंजुरीच्या पानावर डावीकडे त्यांनी मूळ म्हणून चुकीचा फोटो लावला होता, शेजारच्या आकड्याचा. मालकीणबाईंचा. दोन वेगळ्या फोटोंना एकच समजून ते इतके दिवस ताडत बसले होते.

"म्हणून तू डावा डावा म्हणत होतीस," मेव्हणेसाहेब म्हणाले. "मग सांगायचं ना तसं."

"तुझ्यासमोर?" मालकीणबाई म्हणाल्या. "बाळ, तुझं आपलं बोलणं." त्यांनी नवऱ्याकडे वळून विचारले, "जेवायचं आहे की नाही?"

मालक अजून पडद्याकडेच बघत होते. "आता सांगा," ते मामांना म्हणाले, "मुलांपैकी कोणी असं लिहिलंय?"

मामांनी ढिगातून एक कात्रण काढून पुढे केले. ते आधी वाचले होते, पण त्याचा अर्थ त्यांना आता लागला होता. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते: 'डावीकडचे आजोबा कोणाकडे तरी बघत आहेत. उजवीकडचे कोणाकडेच नाहीत.'

मालकांनी ते वाचले, मेव्हण्यांचा मजकूर वाचला, आणि मजकूर घडी करून मेव्हण्यांच्याच खिशात ठेवला.

"आठही छापा," ते मामांना म्हणाले. "आठवा ह्याच शब्दांत. आणि चूक कशी झाली तेही लिहा, तुमची तुम्हीच."

"आणि पान?"

"पानाचं काय? मेव्हण्यांनी शब्द दिला होता म्हणे, टेबलाचा." त्यांनी टेबलाकडे पाहिले. टेबल दिसत नव्हते. "गोळ्यांची जाहिरात माझ्या मनोगतात घाला. ते वाचायला तसंही स्मरणशक्ती लागत नाही."

दारापर्यंत गेल्यावर ते वळले. "आणि पुढचं मांजर जरा अवघड करा."

मेव्हणेसाहेब मागे रेंगाळले. हरल्यासारखे दिसू नये म्हणून त्यांनी एक कात्रण उचलून दिव्यासमोर धरले, मग खाली ठेवले.

"मामा, पान राहिलं, मला आनंदच आहे," ते म्हणाले. "पण इथून पुढं फरक जरा प्रतिष्ठेचे निवडत जा. हनुवटी वगैरे नको."

संध्याकाळी मामा घरी आले ते ताठ मानेने. आज ते काही शिकले होते आणि ते लगेच वापरायची त्यांना घाई झाली होती. बायको दिव्याखाली काहीतरी शिवत होती. मामा दारातच थांबले, दोन पावले मागे गेले, आणि तिच्याकडे नीट, लांबून, पाहिले.

"चष्मा छान आहे," ते म्हणाले. "तुला शोभतो. नवा आहे ना?"

बायकोने सुई थांबवली.

"हा जुना आहे," ती म्हणाली. "नव्याची काडी काल निघाली, दुरुस्तीला दिलाय."

मामा आत आले, समोर बसले आणि मग वेगळे काय आहे ते शोधू लागले.

"बघा, बघा," बायको दोरा तोडत म्हणाली. "मी नाही सांगणार. उत्तर आधी सांगायचं नसतं."